कोलूवरचा निळा कृष्ण

इतकी वर्षं झाली, तरी त्या नवरात्रातली ती केस मी विसरलेली नाही. आमचे हे पोलीस खात्यातून सब-इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाले. कोणी घरी आलं की जुन्या केसेस सांगतात आणि छान सांगतात. पण ही केस सांगताना मध्येच उडी मारतात. "पुढे आम्हांला खात्रीलायक खबर मिळाली," एवढंच म्हणतात आणि थेट जबाबावर येतात. ती खबर मी दिली होती. माझा उल्लेख कोठे करू नका असं मीच त्यांना सांगितलं होतं, आणि त्यांनी ते पाळलं. ती मधली गाळलेली जागा मी इथे माझ्यासाठी भरून ठेवते. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही तमिळ. ही अक्षरं वडिलांनी आरत्या वाचता याव्यात म्हणून घरी शिकवली. नाव मी कोणाचंच घालत नाही.

तंजावुरात राजवाड्याच्या मागच्या गल्ल्यांत आपली मराठी बोलणारी घरं आहेत. तिथे कृष्णाचा एक लहान मठ आहे. आतली मूर्ती वीतभर उंचीची, पंचधातूची, एक पाय उचलून नाचणारी. उजव्या तळहातावर लोण्यासाठी खळगा. दार दिवसातून एकदाच, सकाळी उघडायचं; उघडलं की स्नानाच्याही आधी त्या खळग्यात लोण्याचा ठिपका ठेवायचा, ही त्या मठाची रीत. पूजा करणारे गुरुजी तरुणपणापासून तिथेच. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. त्यांना दुसरं जगच नव्हतं.

नवरात्राच्या पहिल्या सकाळी मठाचे मुख्य विश्वस्त स्वतः ठाण्यात आले. ते दिवस तसे नव्याचे होते. घरोघरी केबल येत होती, कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडी बूथ उघडत होते. विश्वस्त शिकलेले, खासगी कंपनीत मोठ्या जागेवर. गल्लीतली पहिली नवी मोटार त्यांच्याच दारात उभी राहिली होती, बिस्किटाच्या रंगाची. त्यांनी फिर्याद दिली की मठातली मूर्ती नाहीशी झाली आहे. कुलूप फोडलेलं नाही. किल्ल्या दोनच. एक त्यांच्या घरी खिळ्याला टांगलेली असते, ती जागच्या जागी आहे. दुसरी गुरुजींकडे. संशय कोणावर, हे त्यांनी तोंडाने सांगितलं नाही. सांगायची गरजही ठेवली नाही.

ह्यांनी गुरुजींना बोलावून घेतलं.

"किल्ली कोठे ठेवता, गुरुजी?"

"जानव्याला."

"आणि रात्री?"

"जानवं रात्री काढतात का, साहेब?"

"मग मूर्ती गेली कोठे?"

"ते तुम्ही शोधायचं. मला एवढंच सांगा, त्याला आज लोणी कोणी दिलं असेल?"

ह्यांनी जबाबात तेही वाक्य लिहिलं. त्या दिवशी जेवायला बसले आणि निम्म्या जेवणावरून उठले. मी विचारलं नाही. पोलिसाच्या घरात कधी विचारायचं आणि कधी नाही, हे आपोआप कळायला लागतं.

त्या वेळचे डीएसपी तमिळ होते, माणूस वाईट नव्हता, पण घाईचा होता. म्हणाले, "म्हातारा सरळ बोलणार नाही. पूजेच्या सुट्टीनंतर कोर्ट उघडलं की अटक दाखवा आणि हजर करा." तोवर रोज सकाळी गुरुजींनी ठाण्यात येऊन बसायचं. मोठं संकट पुढेच होतं. एकदा अटक झाली की उद्या सुटले तरी त्यांना त्या गाभाऱ्यात कोणी पाय ठेवू देणार नव्हतं. चोरीचा डाग लागलेल्या हाताने कृष्णाला लोणी कोण देऊ देईल?

ह्यांचं मन गुरुजींवर संशय घ्यायला तयार नव्हतं. म्हणून मठाच्या गल्लीत साध्या वेशात पाळत ठेवायचं ठरलं. एका शिपायाला केळीवाला करून कोपऱ्यावर बसवलं. पहिल्याच दुपारी एका बाईने भाव विचारला, तर त्याने इतका कमी सांगितला की अर्ध्या गल्लीने टोपली रिकामी केली. संध्याकाळपर्यंत पोरांनासुद्धा ठाऊक झालं की कोपऱ्यावर पोलीस बसलाय. फक्त बायकाच पोलीस असलेलं महिला ठाणं तेव्हा नवंच होतं. तिथल्या दोन मुलींना साडी नेसवून पाठवलं, पण त्यांची चाल परेडची. एका म्हाताऱ्या मामींनी त्यांना विचारलं, "ड्युटी केव्हा संपते तुमची? सुंडल खाऊन जा."

शेवटी डीएसपी साहेबांनी ह्यांना सांगितलं, "तुमच्या मिसेस कोलू बघायला जातात ना? त्यांना कोण अडवणार? त्यांना सांगा. शी कॅन स्नूप."

घरी आल्यावर बेल्ट काढता काढता हे म्हणाले, "साहेब म्हणतात, तू स्नूप कर."

"म्हणजे काय करू?"

"म्हणजे जा, बघ, ये."

"ते तर मी दरवर्षीच करते की."

"यंदा नीट बघ."

आमच्या वरच्या मजल्यावर कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या एक बाई भाड्याने राहत. मी त्यांना त्या शब्दाचा अर्थ विचारला. त्या जरा संकोचल्या. "मामी, दुसऱ्याच्या घरात चोरून डोकावणं, नको तिथे नाक खुपसणं. कोणाला म्हटलं तर राग येईल असा शब्द आहे."

मी खाली आले आणि ह्यांना सांगितलं, हे मला जमायचं नाही. एक तर मी लाजाळू. चार माणसांत माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही. त्यात ज्या घरी कुंकू लावून घ्यायचं, सुंडल खायचं, त्याच घरावर नजर ठेवायची?

हे रागावले नाहीत. पाटावरून उठून हात धुतले आणि एवढंच म्हणाले, "गुरुजींनी ठाण्यातली कॉफीसुद्धा घेतली नाही आज. म्हणतात, तो उपाशी असेल तोवर मला नको."

मी पेटीतली हिरवी साडी काढली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. नवरात्रात आमच्याकडे घरोघरी कोलू मांडतात. पायऱ्या रचायच्या, त्यावर धुतलेलं पांढरं वेष्टी, म्हणजे धोतर, पसरायचं आणि बाहुल्या ओळीने मांडायच्या. वर देव, खाली माणसं, सगळ्यांत खाली वाणी आणि त्याची वाणीण, पुढ्यात तांदूळ-डाळींचे ढीग. दरवर्षी एक तरी नवी बाहुली आणायचीच, अशी रीत. संध्याकाळी बायका एकमेकींच्या घरी जातात. ओळख लागत नाही, आमंत्रण लागत नाही. आलेल्या बाईने कोलूसमोर एखादं गाणं म्हणायचं आणि घरच्या बाईने तिला कुंकू, विडा आणि द्रोणभर सुंडल, म्हणजे नारळ घातलेली उसळ, द्यायचं.

त्या गाण्याचीच मला धास्ती. दरवर्षी मी मान खाली घालून बसते आणि कोणीतरी दुसरी गाईपर्यंत वर बघतच नाही.

तीन-चार संध्याकाळी मी हिंडले. काही दिसलं नाही. परत आले की हे विचारायचे, "काय पाहिलंस?"

"चवळीच्या सुंडलात मीठ फार होतं."

"हे स्टेशन डायरीत घालू का?"

"कोणाच्या घरचं ते नका घालू."

दरम्यान ह्यांच्याकडे एक वेगळीच टीप आली. मोड विकत घेणाऱ्या एका जुन्या खबऱ्याने सांगितलं की पापनाशमकडे एका ओतारीकडे कोणीतरी फोटो देऊन नाचऱ्या कृष्णाची नक्कल करून घेतली आहे, आणि ती जुनी दिसावी असं बजावलं आहे. हे लुंगी नेसून बसने गेले. ओतारी सरळ माणूस. त्याने काही लपवलं नाही. म्हणाला, "घरच्या पूजेला हवी म्हणाले. मी करून दिली. नवरात्राच्या पहिल्या दिवशी न्यायला येणार होते, आलेच नाहीत. ही घ्या." माणूस कसा होता विचारल्यावर म्हणाला, सोनेरी काडीचा चष्मा, आणि मोटार बिस्किटाच्या रंगाची.

हे परत आले. रात्री मला म्हणाले, "नक्कल करून घेणं हा काही गुन्हा नाही. खरी मूर्ती विकायची आणि नक्कल गाभाऱ्यात ठेवायची, असा बेत असणार. पण मग खरी नाहीशी झाल्यावर हा माणूस फिर्याद द्यायला कशाला आला? त्याच्या हाती ती लागलीच नाही. कोणीतरी त्याच्या आधी पोचलं."

"गुरुजी?"

"गुरुजी असते तर लोण्याचं विचारलं नसतं."

त्या शुक्रवारी मी विश्वस्तांच्या घरी गेले. ह्यांनी जायला सांगितलं नव्हतं. फिर्याद देणाऱ्याच्या घरात कोण बघतं? मी गेले ते केवळ त्यांच्या अक्कांचं कोलू गल्लीत सगळ्यांत जुनं म्हणून. अक्का म्हणजे विश्वस्तांची मोठी बहीण. तरुणपणीच नवरा गेला, तेव्हापासून भावाच्या घरी. सैपाक त्या बघायच्या, कोलू त्याच मांडायच्या. गल्लीत त्यांना सगळे अक्काच म्हणत.

"ये की आत. उंबऱ्यावर काय उभी राहिलीस? एखादं गाणं म्हण पाहू."

"मला येत नाही, अक्का."

"येत नाही की लाजतेस?"

"लाजते."

त्या हसल्या. "खरं बोललीस. बैस. गाणं तुझ्याकडे उधार राहिलं."

मी नेहमीसारखी मान खाली घालून बसले. दुसऱ्या दोघी बायका गात होत्या. मला जमीन दिसत होती, कोलमची रांगोळी दिसत होती, आणि कोलमच्या कडेने मुंग्यांची एक रांग. मुंग्या काही नवरात्रात नवल नाही. पण ही रांग वाण्याच्या पुढ्यातल्या गुळाच्या खड्याजवळून सरळ पुढे गेली. पांढऱ्या वेष्टीवरून पायरी चढली, दुसरी चढली, आणि एका निळ्या कृष्णाच्या पायाशी पोचली. पायावरून हातावर. हातात लोण्याचा ठिपका.

बाहुली नवी दिसत होती. रंग घरीच दिलेला असावा, कपड्यांना घालतात तसली नीळ आणि तांदळाची पेज. गळ्यात कागदी हार, डोळे काजळाने काढलेले. मग माझं लक्ष फळीकडे गेलं. त्याच्या खाली फळी थोडी वाकली होती. मातीच्या बाहुलीने फळी वाकत नाही. मी पुढे सरकून पाहिलं. तळहाताच्या खळग्यात रोज लोणी लागून रंग सुटला होता आणि तिथे शेंगदाण्याएवढी जागा पिवळसर चमकत होती.

मी वर पाहिलं तेव्हा अक्का माझ्याकडेच बघत होत्या.

त्या दोघी बायकांना टीव्हीवरची मालिका गाठायची होती, त्या विडा घेऊन गेल्या. खोलीत आम्ही दोघीच उरलो. 

"मुंग्या फार झाल्यात," मी म्हटलं.

"हळद घालते रोज. ऐकत नाहीत." अक्का माझ्यासमोर बसल्या. "तू त्या सब-इन्स्पेक्टरची ना?"

"हो."

"तो केळीवाला तुमचाच का?"

"हो."

"बिचाऱ्याने फार स्वस्त दिली."

मग त्यांचा आवाज उतरला. कोलू मांडायच्या आदल्या दिवशी त्या कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर मद्रासच्या भाचीला फोन लावायला गेल्या होत्या. पलीकडच्या खोक्यात भाऊ बोलत होता. दुधी काचेतून तो दिसला नाही, पण आवाज सगळा ऐकू आला. मूर्ती अस्सल आहे, बदली तयार आहे, नवरात्रात गर्दीत देतो. भाचीला फोन न लावताच त्या घरी आल्या. खिळ्यावरची किल्ली घेतली आणि दुपारी सगळे निजलेले असताना कृष्णाला पदराखाली घालून आणलं.

"कोणाला सांगणार होते? भावाला पोलिसात देऊ? याच घरात वाढले, याच घरात विधवा होऊन आले. म्हटलं, बाहुल्यांत बसव. भाऊ रोज कोलूला नमस्कार करून ऑफिसला जातो. कधी कळलं का त्याला? पुरुष कोलू बघतात, बाहुल्या बघत नाहीत."

"पण गुरुजी, अक्का."

त्यांनी पदर तोंडाला लावला. "मला काय ठाऊक त्यांना रोज नेऊन बसवतील? वाटलं, विचारतील आणि सोडतील. आता देवाला परत ठेवू तर हा विकतो. ठेवलं नाही तर ते आत जातात. रोज रात्री ठरवते, सकाळी सांगायचं. सकाळी भाऊ म्हणतो, अक्का, कॉफी छान झाली. मग सांगवत नाही."

"लोणी कशाला ठेवलंत?"

माझ्या प्रश्नाचं त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. "मग काय उपाशी ठेवू?"

थोड्या वेळाने त्या उठल्या, माझ्या कपाळाला कुंकू लावलं, विडा दिला, सुंडल दिलं. म्हणाल्या, "घरी सांग जा. तुला सांगावंच लागेल. माझं छप्पर जाईल ते जाऊ दे. फक्त एक विचार नवऱ्याला. तुमच्या ठाण्यात म्हणे जप्त केलेल्या वस्तूंची खोली असते, वर्षानुवर्षं कुलूपबंद. त्याला तिथे नका ठेवू म्हणावं. अंधारात तो घाबरेल."

मी घरी आले. ह्यांच्यापुढे ताट ठेवलं आणि सगळं सांगितलं. इतकं सलग मी लग्नानंतर पहिल्यांदाच बोलले असेन. हे जेवायचे थांबले होते.

"चोरीला हेतू लागतो," शेवटी ते म्हणाले. "लबाडीने घेतलं तर चोरी. ह्या बाईने तर त्याला जेवू घातलंय. पण आधी भावाच्या तोंडून बाहेर आलं पाहिजे. नाहीतर तो सगळं बहिणीवर ढकलेल."

"आणि ती खोली?"

"बघतो," म्हणाले. हे ज्या गोष्टीला 'बघतो' म्हणतात, ती विसरत नाहीत.

पुढचं ह्यांच्या तोंडून ऐकलेलं आहे, तसंच लिहिते. विश्वस्तांना ह्यांनी आयुधपूजेच्या दिवशी ठाण्यात बोलावलं. त्या दिवशी ठाण्यात रायफली, लाठ्या, जीप, बेड्या, सगळ्यांना गंध-कुंकू लावून पूजेत ठेवतात. टाइपरायटरही पूजेत होता. जबाब लिहायला समोरच्या दुकानातून नवं पेन आणावं लागलं. गुरुजी बाहेर बाकावर बसले होते. ओतारी आतल्या खोलीत. ह्यांनी टेबलावर टॉवेलात गुंडाळलेलं एक गाठोडं ठेवलं आणि विश्वस्तांना प्रसादाचा पोंगल दिला.

"पापनाशमकडून आणलंय," हे म्हणाले.

विश्वस्त लगेच बोलले, "सापडली का मूर्ती? फार बरं झालं. मी फिर्याद मागे घेतो. सण आहे, म्हाताऱ्यालाही सोडून द्या."

ह्यांचा एक अनुभव आहे. खरं सांगणारा माणूस आधी वस्तू बघायला मागतो. ज्याला आत काय आहे ते आधीच ठाऊक असतं, त्याला बघायची आठवण राहत नाही. ह्यांनी कॉफी मागवली. विश्वस्तांनी पुन्हा सांगितलं की फिर्याद मागे घेतो. हे गप्पच. नुसतं गप्प बसणं ह्यांना चांगलं जमतं. ह्यांनी आवाजसुद्धा क्वचित चढवला.

"तुम्ही टॉवेल उघडला नाहीत, सर," शेवटी हे म्हणाले.

विश्वस्तांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला.

"आत ओतारी बसलाय. त्याला बोलवू, की तुम्हीच सांगता?"

त्यांनी सांगितलं. मद्रासचा दलाल, बोलणी, नक्कल, सगळं. मूर्ती नाहीशी झाल्यावर मठाच्या बाकीच्या लोकांदेखत मुख्य विश्वस्ताला फिर्याद द्यावीच लागली. गुरुजींना सुगावा लागला असावा आणि त्यांनीच ती लपवली असावी, असं त्यांना खरंच वाटलं होतं. शेवटी विचारलं, "पण मग खरी कोठे आहे?"

"तुम्ही रोज सकाळी तिला नमस्कार करता," हे म्हणाले.

हे सांगताना हे आजही जरा थांबतात. म्हणतात, त्या माणसाला मी तेव्हा पहिल्यांदा शरमलेलं पाहिलं. आपण पकडले गेलो म्हणून नव्हे. अक्काला ठाऊक होतं आणि तरी ती रोज कॉफी करून देत होती, म्हणून.

डीएसपी साहेबांचा हुकूम आला, ताबडतोब जाऊन जप्ती करा. पण आमच्याकडे विजयादशमीच्या संध्याकाळी एक बाहुली आडवी निजवून पाळणा म्हटल्याखेरीज कोलूवरची एकही बाहुली हलवत नाहीत. हे राजवाड्यामागच्या गल्लीतच वाढलेले. ते साहेबांना म्हणाले, "सर, मूर्ती कोठे पळून जाणार आहे? इतके दिवस तिथेच राहिली. उद्या संध्याकाळी पंचनामा करतो. तोवर पहारा ठेवतो." साहेबांनी कपाळाला हात लावला, पण हो म्हणाले. महिला ठाण्यातल्या त्याच दोन मुली पहाऱ्यावर बसल्या. त्यांनी तिथे सुंडल किती खाल्लं, हे कोठे नोंदलेलं नाही.

विजयादशमीला मी ह्यांच्याबरोबर गेले. दोन पंच आले होते. गुरुजींना हे स्वतः घेऊन आले. गुरुजी कोलूसमोर उभे राहिले आणि निळ्या कृष्णाकडे बघत राहिले. मग अक्कांना म्हणाले, "लोणी गाईचं की म्हशीचं?"

"गाईचं," अक्का म्हणाल्या.

"मग ठीक."

एवढंच ते दोघे बोलले. गुरुजींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते.

आरती झाली. अक्कांनी कृष्णाला दोन्ही हातांनी उचललं आणि पायरीवर आडवं निजवलं. पंचांपैकी एकाने घड्याळ बघितलं. खोलीत शिपाई, पंच, गुरुजी, महिला पोलीस, शेजारच्या बायका. 

अक्का माझ्याकडे वळल्या. "तुझं गाणं उधार आहे."

 मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे टोपी काखेत धरून भिंतीकडे बघत होते, मला लाज वाटू नये म्हणून. मी मान खाली घातली. जमिनीवर ती मुंग्यांची रांग अजून चालली होती. तिच्याकडे बघत बघत मी आईने म्हटलेला पाळणा म्हटला. आवाज फुटला, मध्ये एक कडवं विसरले, गुरुजींनी हळूच आठवण करून दिली. संपलं तेव्हा एक महिला शिपाई रडत होती. मग हे घसा साफ करून म्हणाले, "पंच, पुढे या."

मूर्ती त्या खोलीत गेली नाही. ह्यांनी जप्तीच्या दिवशीच मॅजिस्ट्रेटसाहेबांच्या घरी अर्ज देऊन ठेवला होता. कोर्ट उघडलं त्या सकाळी बंधपत्रावर ताबा गुरुजींना मिळाला. हुकूम हातात पडेपर्यंत मधली रात्र ह्यांनी ती आपल्या टेबलावर ठेवली आणि स्वतः खुर्चीत बसून राहिले. ठाण्यात लिखाण करणाऱ्या रायटरला सांगून सकाळी दूध-केंद्रावरून लोणीही आणवलं. विश्वस्तांवर खोट्या फिर्यादीची आणि कटाची केस झाली, मठाचं पद गेलं. अक्का त्या घरातून निघून मठामागच्या खोलीत राहायला गेल्या आणि तिथला नैवेद्य करू लागल्या. भाऊ नंतर कधीतरी दुपारी येऊन ओट्यावर बसायचा. अक्का त्याला कॉफी द्यायच्या. काय बोलायचे ते मला ठाऊक नाही. मी बघितलंही नाही. ते बघायचं काम माझं नव्हतं.

दिवाळीनंतर वरच्या मजल्यावरच्या बाई हसत खाली आल्या. त्यांनी कॉलेजातल्या जाड कोशात तो शब्द पाहिला होता. "मामी, मी तुम्हांला अर्धंच सांगितलं होतं. हा शब्द इंग्रजांचा नाहीच मुळी. डच लोकांचा. ते अमेरिकेला गेले तेव्हा त्यांच्याबरोबर गेला. आणि त्यांच्याकडे त्याचा अर्थ, गोड पदार्थ लपून खाणं. फळीवरच्या डब्यातून कोणाला न कळता खाऊ काढून खायचा, ते स्नूप. मग खाण्यासाठी डोकावणं राहिलं बाजूला आणि नुसतं डोकावणं उरलं."

मी बराच वेळ त्यावर विचार केला. तो शब्द मला आधी किती घाणेरडा वाटला होता. मुळात तो कोणा खोडकर मुलाचा होता. दुसऱ्यांच्या घरातून लोणी काढून खाणाऱ्याला आम्ही तर देव करून पूजतो. नजर ठेवणं वाईट की बरं, हे त्या नजरेमागे काय आहे यावर असतं, एवढं मला त्या केसने शिकवलं. ह्यांना काय शिकवलं, ते ते पाहुण्यांना सांगतात: फिर्यादीचं घर कधी वगळू नये. तेही खरंच आहे.

आता हे थकलेत. डॉक्टरांनी गोड बंद केलंय, लोणी-तूप बंद केलंय. नवरात्रात मी अजून कोलू मांडते. सगळ्यांत खालच्या पायरीवर मातीचा एक लहान निळा कृष्ण ठेवते आणि रोज संध्याकाळी त्याच्या पुढ्यात खडीसाखर घातलेलं लोणी वाटीत ठेवते. मी सैपाकघरात गेले की बाहेरच्या खोलीतून खुर्ची सरकल्याचा आवाज येतो. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा खुर्ची.

मी दाराच्या फटीतून बघते. इतकी वर्षं पोलिसात काढलेला माणूस, पण मागे वळून बघायचं विसरतो. बोटं पंच्याला पुसतो आणि वर्तमानपत्र तोंडापुढे धरतो.

मी वाटीत लोणी थोडंच ठेवते. आणि काही बोलत नाही.